पेडल दाबायला माणूस

ब्रेकचं काम एकट्याचं नसतं. एक माणूस खाली चाकापाशी लागतो, दुसरा वर सीटवर. खालचा ओरडतो, "दाब." वरचा पेडल दाबून म्हणतो, "दाबलं." खालचा बोल्ट जरा सैल करतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात, तो बोल्ट पुन्हा आवळतो. "सोड." "सोडलं." चारही चाकं होईपर्यंत हे असंच चालतं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं भांडतायत किंवा कसला तरी खेळ खेळतायत.

बालिक्ची गावात, डोंगरापलीकडच्या नारीनच्या रस्त्याला लागताना डाव्या हाताला बेयशेनचं गॅरेज आहे. तिथे वरचं माणूस म्हणजे झूरा, त्याची बायको. बेयशेन आधी ऑटोबेसमध्ये, सरकारी ट्रकांच्या डेपोत, नोकरीला होता. मॉस्कोचं सरकार गेलं, ऑटोबेस बंद पडली, आगगाडीने आलेला माल डोंगरापलीकडे नेणारे ट्रक भंगारात गेले. बेयशेनने घराच्या अंगणात खड्डा खणला, त्याच्या कडा रेल्वेच्या जुन्या लाकडांनी बांधल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं. भाकरीच्या पिठाचे हात पुसत झूरा यायची, सीटवर बसायची. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. लाल दिवा म्हणजे काय, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. पण पेडल दाबायची तीच.

तीन हिवाळ्यांपूर्वी ती मॉस्कोला गेली. मुलगी अयझिरेक तिथे एका गोदामात कामाला होती, बाळ झालं होतं, सांभाळायला कोणी नव्हतं. "एक हिवाळा," झूरा म्हणाली होती. मग बाळाला दात आले, ते चालायला लागलं, मग अयझिरेकला दुसऱ्यांदा दिवस गेले.

बेयशेन एकटा राहिला. पेडलसाठी त्याने एक काठी केली. काठीचं एक टोक पेडलवर, दुसरं सीटच्या कडेला. पेडल दाबायचं, काठी अडकवायची आणि खाली उतरायचं. झूराने फोनवर विचारलं की तो म्हणायचा, "अगं, कोणी ना कोणी असतंच. ड्रायव्हरच बसतो." आणि ते अगदी खोटंही नव्हतं. ड्रायव्हर असायचे. पण त्यांना घाई असायची, ते पेडलवर पाय ठेवून फोनवर बोलत बसायचे. बेयशेनला त्यापेक्षा काठी बरी वाटायची.

या शरद ऋतूत झूराने पुन्हा विषय काढला होता. "अहो, बंद करा आता ते. इकडे या. म्हातारपणी त्या खड्ड्यात उतरायचं, वाऱ्यात उभं राहायचं. काय आहे तिथे?"

"माझं काम आहे."

"एकट्याचं कसलं काम?"

तेव्हा बेयशेनने जोरात म्हटलं होतं, "हा हिवाळा बघ. माझ्या हातून गेलेल्या एकाही गाडीला काही झालं, तर गॅरेजला कुलूप लावीन आणि विमानात बसेन. नाही झालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

झूरा फक्त "बरं" म्हणाली होती.

त्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी एसेनकुल अंगणात आला. एसेनकुल बालिक्ची ते नारीन अशी प्रवासी व्हॅन चालवायचा. त्याचा बाप बेयशेनबरोबर ऑटोबेसमध्ये होता, त्यामुळे बेयशेन त्याला अरेतुरे करायचा आणि तो बेयशेनला आदराने "बेके" म्हणायचा. सगळेच ड्रायव्हर म्हणायचे. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने कापड उघडलं. तेलात तळलेली, गोल, पातळ भाकरी.

बेयशेनने भाकरीकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. संकट टळलं की घरातली बाई अशा सात भाकऱ्या तळते आणि सात घरी वाटते. ही त्या सातांतली एक होती.

"काय झालं रे?"

"आधी खा, बेके."

बेयशेनने तुकडा मोडला, तोंडात टाकला, दुवा पुटपुटत दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. 

"आता सांग."

"दोलोनच्या घाटात उतरत होतो. घोड्यांचा कळप आडवा आला. कुणाचे होते कुणास ठाऊक, मालकाचा पत्ता नाही. पाय मारला ब्रेकवर आणि गाडी डावीकडे गेली. समोरून ट्रक येत होता. तो थांबला, देवाची कृपा. मी बर्फाच्या ढिगात." एसेनकुलने हसायचा प्रयत्न केला. "घोडे बघत उभे. जणू तिकीट काढून आले होते."

"कोणाला लागलं?"

"कोणाला नाही. सहा जण होते. एक म्हातारी उतरली, माझ्या थोबाडीत मारली, मग माझ्याच डोक्याचा मुका घेतला." त्याने रिकाम्या कापडाची घडी घातली. "बर्फ होता, बेके. वेग जरा जास्तच होता बहुतेक. बायको म्हणते, घाटातलं काम सोड. मीही तोच विचार करतोय."

बेयशेनने फाटकाबाहेरच्या व्हॅनकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात हीच व्हॅन या खड्ड्यावर उभी होती. एसेनकुलने तेव्हाच सांगितलं होतं, कधीकधी गाडी डावीकडे ओढते. बेयशेनने मोबाइलला जोडलेलं तपासणीचं यंत्र लावलं होतं. त्यात एकही दोष दिसला नव्हता. पेडल दाबून काठी लावली, चारही चाकं जॅकवर उचलून हातांनी फिरवून पाहिली, सगळी घट्ट होती. ब्रेकचं तेल बदललं. "जा," तो म्हणाला होता, "घोडा आहे घोडा."

"गाडी आत घे," बेयशेन म्हणाला.

"बेके, मी फक्त भाकरी द्यायला आलोय."

"आत घे म्हणतो ना."

व्हॅन खड्ड्यावर आली. बाहेर बूम घाटातून येणारा वारा सुटला होता. बालिक्चीत हा वारा हिवाळाभर असतो. पत्र्याच्या छपराचा एक कोपरा सारखा वाजत होता. बेयशेनने तपासणीचं यंत्र लावलं. पुन्हा काही नाही.

"तुमचं हे डबडं," एसेनकुल म्हणाला, "माझ्या सासूसारखं आहे. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, आणि मग एकदम भडका."

अशा गाड्यांत चाक घसरायला लागलं की गाडीचा छोटा संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो आणि पुन्हा आवळतो. त्यासाठी प्रत्येक चाकाच्या वाटेवर दोन झडपा असतात. एकीतून तेल चाकाकडे जातं, दुसरीतून परत निघून एका छोट्या साठवणीत जमतं. सगळ्या झडपा एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलेल्या असतात, इंजिनाशेजारी. यंत्र झडपांची वीज तपासतं. वीज नीट असेल, तर यंत्राच्या लेखी झडप नीट. पण झडपेच्या तोंडाशी कचऱ्याचा कण अडकून ती पूर्ण मिटत नसेल, तर ते यंत्राला दिसत नाही. हे सगळं बेयशेनला माहीत होतं. म्हणून त्याने मागच्या वेळीही चाकं हातांनी पाहिली होती.

त्याने ती पुन्हा पाहिली. सीटच्या बाजूने वाकून पेडलवर हाताने भार दिला, एक, दोन, तीन, मग काठी अडकवली, खाली उतरला. चारही चाकं दगडासारखी.

"बघा," एसेनकुल म्हणाला. "गाडी चांगली आहे. ड्रायव्हर बिघडलाय." मग घड्याळात पाहिलं. "बाजारातून मुलीला बूट आणायचेत. येतो जाऊन. तुम्ही चहा घ्या, बेके. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

तो गेला. बेयशेन खड्ड्याच्या कडेला बसला. दुधाचा चहा थर्मासमध्ये होता, पण तो ओतून घ्यावासा वाटेना. खरं म्हणजे एसेनकुलने सगळा दोष स्वतःवर घेतला होता. रस्ता, बर्फ, घोडे, वेग. बेयशेनचं नावही त्याने घेतलं नव्हतं. बेयशेनने तोंड मिटून ठेवलं असतं, तर शरद ऋतूतली ती पैज तो बसल्या जागी जिंकला असता.

फोन वाजला. झूरा होती. या वेळी तिकडे नातू झोपलेला असायचा आणि तिला बोलायला फुरसत मिळायची.

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"शेवया. कालच्या."

"म्हणजे नाही जेवलात." मागे कुठेतरी नळ चालू होता, कोणीतरी रशियनमध्ये ओरडत होतं. त्या घरात तीन कुटुंबं राहायची. "कोणाची गाडी आहे?"

"एसेनकुलची. डावीकडे ओढते. सापडत नाही." घोडे, ट्रक, बर्फ, हे त्याने सांगितलं नाही.

"मागे पण तीच होती ना?"

"हो."

"पेडलवर कोण बसलं होतं?"

बेयशेनने काठीकडे पाहिलं. वाऱ्याने पत्रा वाजवला.

"अहो, मी विचारलं."

"काठी."

आधी ती हसली. मग हसणं थांबलं. "काठी? म्हणजे इतके दिवस तुम्ही..." नळाचा आवाज बंद झाला. "काठीला काय कळणार? काठी कधी तुम्हाला सांगेल का, पाय खाली चाललाय म्हणून?"

"चाकं घट्ट आहेत, झूरा. मी स्वतः पाहिलं."

"काठी लावायच्या आधी पेडल किती वेळा दाबलंत?"

"दाबतात तसंच."

"तीनदा. ऑटोबेसवाले सगळे तसेच. माझा बापही तसाच होता. एक-दोन-तीन, मग पाय ठेवायचा. त्या जुन्या ट्रकला तसं मारल्याशिवाय ब्रेकच लागत नव्हता, आणि तुमच्या पायांना तीच सवय. मी कधी तीनदा मारलं? मला कोणी शिकवलंच नाही. तुम्ही म्हणायचात दाब, मी एकदा दाबायचे. पहिल्याच दाबाला जे कळायचं ते सांगायचे. त्या निळ्या गाडीचं सांगितलं नव्हतं का? पाय उतरतोय म्हणून?"

"हं."

"पोरगं उठलं वाटतं. जाते. जेवा."

फोन बंद झाला. बेयशेन उठला. मग काठी काढली आणि भिंतीला लावून ठेवली. गाडीला तसंच राहू दिलं, पेडलला हात न लावता. तो वाट पाहत होता. कशाची, हे त्याला आता नीट माहीत होतं.

एसेनकुल बूट घेऊन परत आला तेव्हा बेयशेन सीटवर बसला होता. हे दृश्य एसेनकुलने कधी पाहिलं नव्हतं.

"बेके, कुठे निघालात? मला पण न्या."

"जॅक लाव. पुढचं उजवं चाक उचल. आणि मी सांगेन तेव्हा हाताने फिरवायला लाग, थांबू नकोस. फिरलं तरी सांग, नाही फिरलं तरी सांग."

चाक वर गेलं.

"दाबतो," बेयशेन म्हणाला आणि पेडल एकदाच दाबलं. तीनदा मारायला पाय नकळत उचलला जात होता. त्याने तो जोर लावून धरून ठेवला.

"फिरतंय," खालून आवाज आला. "जड आहे, पण फिरतंय. फिरतंय... अरे. धरलं. आता नाही हलत."

बेयशेनला पायाखाली कळलं होतं. पेडल बोटभर हळूच खाली सरकलं आणि मग थांबलं. जसं कोणी पलीकडून हात काढून घेत घेत मागे जावं.

त्याने पाय उचलला आणि लगेच पुन्हा दाबला. पेडल कडक. चाक तत्काळ घट्ट. चोर पहिल्याच दाबाला दिसला होता. परत जाणारी झडप पूर्ण मिटत नव्हती. पहिल्या दाबाचं तेल तिच्यातून निसटून मागच्या साठवणीत जात होतं. साठवण भरली की पुढचे दाब ठणठणीत, आणि पेडल सोडून थोडा वेळ गेला की ती पुन्हा रिकामी. एक-दोन-तीन मारणाऱ्या माणसाला ते कधीच कळलं नसतं. मोकळ्या रस्त्यावर एसेनकुलही बापासारखं तीनदाच मारायचा. घोडे आडवे आले तेव्हा तीनदा मारायला वेळ नव्हता. उजवं चाक क्षणभर मोकळं राहिलं, डाव्याने आधी धरलं, गाडी डावीकडे फिरली.

डावं चाक उचलून पाहिलं. पहिल्या दाबालाच घट्ट. तरी बेयशेनने आणखी एक गोष्ट केली. ठोकळ्यातून निघणाऱ्या पुढच्या दोन नळ्यांची त्याने अदलाबदल केली. हवा काढली, एसेनकुलला पुन्हा चाकापाशी बसवलं. आता डावं चाक फिरत राहिलं आणि उजवं लगेच थांबलं. म्हणजे दोष चाकात नव्हता, ठोकळ्यातच होता. शंकेला जागा राहिली नाही.

एसेनकुल हात पुसत उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे मी नव्हतो! बेके, मी नव्हतो! तेव्हापासून झोप नाही मला. डोळे मिटले की तो ट्रक. बायकोला सांगतो आता." तो फोन काढायला लागला.

"तू नव्हतास," बेयशेन म्हणाला. "मी होतो."

एसेनकुलचा हात खिशातच राहिला.

"मागच्या आठवड्यात हेच होतं. मी काठी लावून बघितलं आणि तुला घोडा आहे म्हणून सांगितलं."

बाहेर एक ट्रक कोचकोरकडे गेला.  एसेनकुलने बुटांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सहा माणसं होती, बेके."

"हो."

"त्यातली एक गरोदर होती."

"ते तू सांगितलं नव्हतंस."

"काय सांगणार." तो फाटकापर्यंत गेला, तिथून वळला. "भाकरी घेऊन आलो तुमच्याकडे. मूर्ख मी." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "ठोकळा कुठे मिळेल?"

"बिश्केकला, भंगाराच्या बाजारात. मी सांगून ठेवतो. तोपर्यंत गाडी इथे राहील. कोणी मागितली तरी देणार नाही, तुला पण नाही."

"मला नकोच आहे," एसेनकुल म्हणाला आणि चालत गेला.

बेयशेनने अंगणात उभं राहूनच फोन लावला. घरात जाऊन बसलो तर शब्द बदलतील, असं त्याला वाटलं.

"सापडलं," तो म्हणाला. "तू म्हणालीस तेच. पहिल्या दाबाला."

"बघा." तिच्या आवाजात आनंद होता. "मी म्हटलं नव्हतं?"

"झूरा, ती गाडी घाटात घसरली होती. माझ्याकडून गेल्यावर. समोर ट्रक होता. कोणाला काही झालं नाही."

 मग ती हळूच म्हणाली, "या अल्लाह."

"मी बोललो होतो. हिवाळ्यात काही झालं तर येईन. येतो."

या शब्दांसाठी ती तीन वर्षं मागे लागली होती. बेयशेनला वाटलं होतं, ती रडेल किंवा रागावेल, किंवा लगेच विमानाचं बोलेल.  मागे कोणीतरी खोकत होतं, लांब, ओला खोकला. दार आपटलं.

"अहो," ती म्हणाली, "इथे तुम्ही झोपणार कुठे?"

"कुठेही."

"मी स्वयंपाकघरात झोपते. खुर्च्या जोडून. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता दुसरं बाळ येतंय. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आणि दिवसभर काय कराल? बाहेर पडलात तर पोलीस कागद विचारतात. जावई पण महिनाभर घराबाहेर गेला नव्हता."

"तूच म्हणायचीस ये म्हणून."

"म्हणायचे." तिने श्वास घेतला. "म्हणत होते, कारण तुम्ही नाही म्हणायचात. माणूस म्हणतो तसं. तुम्ही तिथे आहात, धूर निघतोय घरातून, हे मला ठाऊक असायचं. वसंतात बघू. बाळ होऊ दे."

"मग तू ये."

"मी कशी येऊ?"

 पैसे संपत आल्याची फोनची टिकटिक ऐकू आल्यावर ती घाईने म्हणाली, "ब्रेक घेऊ नका एकट्याने. बाकी काहीही करा. ब्रेक नाही. शपथ घ्या."

"घेतली."

ठोकळा आला तेव्हा वारा पडला होता, हे बालिक्चीत क्वचितच घडतं. हवा काढताना वर एसेनकुल बसला. बेयशेन खड्ड्यातून म्हणाला, "दाब." वरून आवाज आला, "दाबलं." जाड, सावध आवाज. "एकदाच?" "एकदाच, बेके." पहिल्या दाबाला पेडल जिथे थांबायचं तिथे थांबलं. चारही चाकं एकाच वेळी घट्ट झाली. बेयशेनने ती पुन्हा पाहिली, आणि पुन्हा, एसेनकुल कंटाळून शीळ घालायला लागेपर्यंत. मग दोघांनी तळ्याकाठच्या निर्मनुष्य बंदराच्या डांबरी पट्ट्यावर गाडी पळवून पाहिली. गाडी सरळ थांबली. एसेनकुलने वाटेत थांबून रस्त्यावरच्या बाईकडून धुरी दिलेले मासे घेतले आणि अर्धे बेयशेनच्या मांडीवर ठेवले. तो फारसं बोलला नाही, पण माशांचा काटा काढताना म्हणाला, "म्हातारीने मला मारलं, ती थोबाडीत तुमच्या वाट्याची होती. मी पोचवलेली नाही, लक्षात ठेवा." बेयशेनने मान हलवली.

त्यानंतरच्या दिवसांत ड्रायव्हर येत राहिले. नेहमीसारखे हॉर्न वाजवत, फाटकातूनच ओरडत. त्यातल्या बऱ्याच जणांना ब्रेकच दाखवायचे असायचे, कारण हिवाळ्यात घाटात जाणारा माणूस दुसऱ्या कशासाठी गॅरेजमध्ये येतो? बेयशेन नाही म्हणायचा. ते परत वळायचे. हळूहळू हॉर्न कमी झाले. काही दिवस तर असे गेले की त्याने सकाळपासून एकदाही तोंड उघडलं नव्हतं, हे त्याला झूराचा फोन आल्यावर, घसा खाकरावा लागल्यावर कळायचं.

एकदा कोचकोरचा कालीबेक आला, कोळशाचा ट्रक घेऊन.

"बेके, पेडल मऊ झालंय. बघा ना जरा."

"ब्रेक नाही घेत मी."

"ऐकलं ते. खरं वाटेना. मीच दाबतो की पेडल, त्यात काय?"

"तुला घाई आहे. इंजिनसुद्धा बंद केलं नाहीस. घाईतल्या माणसाच्या पायाला काही कळत नाही."

कालीबेक हसला. "मग घेता तरी काय आता? उरलं काय?"

बेयशेनने खरोखरच विचार केला. "इंजिन. गिअरबॉक्स. डायनॅमो. जे बिघडलं की गाडी जागच्या जागी थांबते, ते सगळं घेतो."

कालीबेकला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो मोठ्याने हसला, हात वर केला आणि ट्रक रस्त्यावर काढला. वळणापाशी त्याचे मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. एक, दोन, तीन. बेयशेन फाटक धरून ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला. मग त्याने फाटक लोटलं, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्या दिवशी आणखी कोणी आलं नाही.